भस्मकुंडाचा दहावा

खोट्या नावानं कसं लिहावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं खुशाल माझ्याकडे यावं! माझं लिखाण माझ्या सख्ख्या नवऱ्यानं, माझ्याच शेजारी, त्याच सोफ्यावर बसून दहा दिवस वाचलं, आणि हे कोण लिहितंय याचा त्याला वाससुद्धा आला नाही. आता यात मिरवण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. काही नाही. पण सुरुवात तरी ताठ मानेनं करू द्या, पुढे मान खाली घालायचीच आहे.

आणि जरा घाईत सांगते हं. अवनी दुपारी चाळीस मिनिटं झोपते. त्यातली दहा तिच्या मुठीतून माझे केस सोडवण्यात जातात. उरलेल्या तीस मिनिटांत हे कागदावर उतरवायचंय, तेव्हा एखादं वाक्य अर्धं राहिलं तर समजून घ्या.

तर माझा नवरा निमिष. दिवसा एका शाळेत कॉम्प्युटर शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी ‘भस्मकुंड’ नावाच्या मेटल बँडमध्ये गिटार वाजवून डरकाळ्या फोडतो. गेली अकरा वर्षं! सोबत ड्रमवर कुणाल आणि बास गिटारवर विष्णू. स्टेजवर तिघंही तोंडाला राख फासतात. त्यामुळे बनारसभर विखुरलेले त्यांचे मूठभर चाहते त्यांना राखेतच ओळखतात. राख धुतली की तो शाळामास्तरच.

कॉलेजच्या जलशात मी निमिषला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणीतरी वाघाला संडासात कोंडलंय आणि बाहेरून कडी घातलीय. दीड वर्षानं मी त्या वाघाशी लग्न केलं!

माझे सासरे वासुदेवशास्त्री. रामघाटाजवळच आमचं घर. ते सकाळी पाठशाळेत वेद शिकवतात आणि बाकी वेळ घाटांवर याज्ञिकी करतात. मंत्रातला एक स्वर इकडचा तिकडे झाला तर ते जेवत नाहीत. त्यांना निमिषनं सांगून ठेवलंय, “आमचा एक वाद्यवृंद आहे.” वाद्यवृंदाचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्ही कधी सांगितलं नाही. संसार असाच चालतो.

आता माझं दुखणं ऐका. अवनी झाल्यापासून दहा महिन्यांत आमच्या घरात सगळं मऊ झालं होतं. भात मऊ, वरण मऊ. माझे कपडे मऊ, कारण कडक काही घातलं की तिच्या गालाला टोचतं. बोलणं मऊ, हसणं मऊ, दारसुद्धा असं लावायचं जणू त्याला बरं नाहीये. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला नागपूरला, म्हणजे मन मोकळं करून भांडायलाही कुणी नाही! या सगळ्या पेजेत एकच कडक गोष्ट उरली होती. गच्चीवर लंगोट वाळत घालताना मी कानात भस्मकुंड लावायची. ‘अस्थिकलश’, ‘कवटीचा कटोरा’, एकापेक्षा एक! तेवढी दहा मिनिटं माझ्या वतीनं कुणीतरी घसा फाडून ओरडायचं. मी खाली यायची ती पुन्हा मऊ व्हायला तयार होऊन.

आणि एका शुक्रवारी भस्मकुंडाचं नवं गाणं आलं. नाव, ‘निजघाट’.

सुरुवातच बासरीनं! भस्मकुंडात बासरी! म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात भरतकामाचा वर्ग! कुणाल, जो ड्रम असे बडवतो की जणू त्यांनी त्याच्या वडिलांना शिवी दिलीय, तो इथे काठीनं नुसती झांज कुरवाळत होता. आणि निमिष? निमिष चक्क गात होता. मराठीत. सुरात!

“नावाड्या, वल्हं हळू मार,
पाण्यात निजलाय घाट...”

“कसं वाटलं?” त्यानं विचारलं. चेहरा असा की नुकतंच पहिलं पाऊल टाकलंय आणि आता टाळ्या पडणार.

“छान आहे,” मी म्हटलं.

बायका ‘छान आहे’ किती प्रकारे म्हणू शकतात ते तुम्हाला माहीत आहे. निमिषला नाही.

दुपारी अवनी झोपली आणि मी फोन उघडला. एक नवं खातं काढलं. नाव ठेवलं ‘रक्तपिशाच्च’. आणि गाण्याखाली हिंदीत लिहिलं, “भस्मकुंड मर गया। जो बचा है वो लोरी है। श्रद्धांजलि।”

बस, एवढंच! फुगलेल्या पुरीला एक टाचणी टोचावी तसं. मी हात झटकून कुकर लावायला गेले.

कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला परत येऊन बघते तर खाली रांग! “सही बोले भाई!” “बासुरी? मेरी नानी भी इससे भारी सुनती हैं!” “मराठी में गाया है, कुछ समझ में नहीं आता!” त्यावर दुसऱ्यानं विचारलं होतं, “पहले कौन सा समझ में आता था बे?” त्याला तिघांनी मिळून धुतलं. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा त्रिभुवन, भस्मकुंडाचा सगळ्यात जुना चाहता, कमरेपर्यंत केस, त्यानं तर ग्रुपच काढला, ‘पुराना भस्मकुंड वापस लाओ’. आणि मला, म्हणजे रक्तपिशाच्चाला, त्याचा अध्यक्ष करून टाकलं!

अख्ख्या चाहत्यांत गाण्याच्या बाजूनं उभा राहिला तो एकच. ‘कोमलगंधार’ नावाचा कुणी तरी. मी काहीही लिहिलं की दोन मिनिटांत उत्तर हजर! “लगता है आपके घर में कोई छोटा बच्चा नहीं है।” माझ्या घरात! जिच्या खांद्यावर त्या क्षणी ओकारी वाळत होती तिला हा सांगतो! मी तडकून लिहिलं, “आप बिना नमक की खिचड़ी हैं!”

त्या दिवशी मी खरोखरच खिचडी केली होती. निमिषनं ताट बाजूला सारलं. “मला नको खिचडी.”

“का रे? आवडते की तुला.”

“आज नको म्हटलं ना!”

मला वाटलं, उन्हाळा बाधलाय.

पण तो सुकत चालला होता खरा. फोन वाचायचा, ठेवायचा, पुन्हा वाचायचा. “हा रक्तपिशाच्च कोण असेल गं? काय विष आहे माणसाच्या मनात!” मी अवनीच्या लाळेऱ्याची गाठ सोडत आणि बांधत बसायची. मंगळवारी त्यानं भिंतीवरची गिटार काढली आणि जुन्या चादरीत गुंडाळली. अगदी हळू, अवनीला दुपट्यात गुंडाळतो तशी.

“हे काय?”

“सोमवारी कुणाल येईल, त्याला देऊन टाकतो. बास झालं, कस्तुरी. जुनं आता घशातून निघत नाही, नवं कुणाला नको आहे. अकरा वर्षं पुष्कळ झाली.”

मला नवऱ्याची डरकाळी परत हवी होती. मी तर त्याचा आवाजच बंद करून ठेवला! त्याच क्षणी सांगायचं ठरवलं. “निमिष, तो रक्तपिशाच्च आहे ना...” एवढ्यात आतून अवनीनं भोकाड पसरलं. बुधवारी सांगायचं ठरवलं, तेव्हा गॅस संपला. गुरुवारी कुणीच रडलं नाही, काहीच संपलं नाही. गुरुवारी मी नुसतीच घाबरले.

शनिवारी दुपारी सासरे घाटावरून आले ते गप्प. पानावर बसले आणि भात चिवडत राहिले.

“बाबा, बरं वाटत नाही का?”

“उद्या एक दहावा आहे गं, अमृतराव घाटावर. अकरा वर्षांचं पोर गेलं. घरचं माणूस कुणी नाही म्हणे, मित्रमंडळीच सगळं करताहेत. तो आलेला मुलगा, केस हे एवढे, ढसाढसा रडत होता. मी विचारलं, मुंज झाली होती का? तर म्हणतो, वो लोग मानते नहीं थे. गोत्र माहीत नाही. मी म्हटलं, असू दे, काश्यप धरू.” त्यांनी सुस्कारा सोडला. “आणि नाव तरी काय ठेवावं लेकराचं! भस्मकुंड!”

माझ्या हातातली पळी आमटीत बुडाली. दांड्यासकट!

श्रद्धांजलि! मी लिहिली होती ना श्रद्धांजलि! काशीत राहून असं काही लिहायचं म्हणजे हलवायाच्या दुकानात बसून ‘भूक’ म्हणण्यासारखं आहे. इथे लोक मनावर घेतात!

मी ग्रुप उघडला. गाणं येऊन रविवारी दहा दिवस होत होते, म्हणून दहावा. सगळं ठरलं होतं, फक्त एका गोष्टीवर घोडं अडलं होतं. यजमानाला क्षौर करावं लागतं, म्हणजे डोकं भादरायचं! मेटलवाल्यांचं! सगळे एकमेकांना पुढे ढकलत होते आणि शेवटी ठराव पास झाला होता, “रक्तपिशाच्च भाई अध्यक्ष हैं, वही बैठेंगे।”

मी ताबडतोब लिहिलं, “कार्यक्रम रद्द करो। भस्मकुंड ज़िंदा है। गाना इतना भी बुरा नहीं।”

लगेच त्रिभुवन, “भाई की आईडी हैक हो गई है!”

“बैंड वालों का काम है!”

“कल सब टाइम पर आना! अब तो आर-पार!”

आणि त्यांनी मला ग्रुपमधून काढून टाकलं. अध्यक्षाला!

रविवारी सकाळी मी अवनीला तेल लावत होते. अंगणातून सासऱ्यांची हाक आली, “कस्तुरी, जोशी गुरुजींना ताप आलाय, निमिषला घेऊन जातो गं मदतीला!”

“बाबा, थांबा!” म्हणून मी उठेपर्यंत दार लागलं होतं. हात तेलकट, कडी निघेना, मुलगी माशासारखी सुळकन निसटतेय! तिला झबलं चढवून, खाकोटीला मारून मी घाटावर धावले आणि पहिली दिसली त्या नावेत उडी टाकली.

“भैया, अमृतराव घाट! जल्दी!”

नावाडी दात कोरत होता. “भाभी, गंगा जी में जल्दी नहीं होती।”

“मेरे पति का दहावा है वहाँ!”

तो दचकला. हात जोडले. मग माझ्या कपाळावरची टिकली, गळ्यातलं मंगळसूत्र, मांडीवरची खिदळणारी मुलगी, सगळं एकेक करून पाहिलं आणि एक अक्षर न बोलता वल्हं हाणायला लागला. वेड्या बाईला लवकर पोचवलेलं बरं!

अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर सात जण ओळीनं उभे, सगळ्यांच्या काळ्या टी-शर्टवर कवट्या. न्हावी वस्तरा घेऊन ताटकळलेला. त्रिभुवननं शेवटी दोन बोटं केस कापून दिले होते आणि ते कापलेले केस हातात धरून तो हुंदके देत होता. मध्ये दर्भावर भाताचा पिंड. सासरे डोळे मिटून. आणि त्यांच्या बाजूला सोवळं नेसून, हातात तिळाचं भांडं घेऊन, माझा नवरा! बिनराखेचा, म्हणून एकानंही ओळखला नव्हता. त्यानं मात्र सगळ्यांना ओळखलं होतं. स्वतःच्या बँडचं नाव त्यानं बापाच्या तोंडून ऐकलं होतं, ‘प्रेत’ शब्दासकट. चेहरा पिंडाइतका पांढरा.

“कावळा शिवत नाहीये,” सासरे म्हणाले. समोरच्या कठड्यावर एक कावळा बसला होता आणि पिंडाकडे पाठ करून गंगा बघत होता.

“गुरुजी, मतलब?” त्रिभुवननं विचारलं.

“मतलब इच्छा बाकी है। बोलो, पूरी करेंगे बोलो। बच्चे को क्या चाहिए था? कोई खिलौना? मिठाई?”

सातही जण बुचकळ्यात पडले. “गुरुजी, बेंगलुरु में बजाना चाहते थे।”

“बोलो ले जाएँगे!”

“ले जाएँगे!” सगळे ओरडले. कावळ्यानं मान खाजवली.

“हम उनकी टी-शर्ट कभी पोंछा नहीं बनाएँगे!” कावळा ढिम्म.

“बाप कहाँ है बच्चे का?” सासऱ्यांनी विचारलं.

“बाप?” त्रिभुवननं नाक पुसलं. “बाप तो निकम्मा निकला, गुरुजी। घर बैठा लोरी गा रहा है।”

निमिषच्या हातातून तिळाचं भांडं पडलं, पायऱ्यांवरून खणखण खणखण करत पाण्यापर्यंत गेलं.

मला राहवलं नाही. “बंद करा हे सगळं! निमिष, मी आहे तो. रक्तपिशाच्च मी आहे!”

न्हाव्यानं वस्तरा मिटला.

“तू?” निमिष म्हणाला. “तू लिहिलंस ते सगळं?”

“मी. मला कंटाळा आला होता रे! घरात सगळं मऊ, मऊ, मऊ! एक तुझं ओरडणंच कडक उरलं होतं माझ्याजवळ, तेही तू घेऊन गेलास!”

“अगं, तू दमलेली दिसायचीस. दिवसभर कलकलाट. मला वाटलं, तुला जरा शांतता हवी असेल. तुझ्यासाठी केलं होतं ते गाणं! आणि तू... तू मला बिनमिठाची खिचडी म्हणालीस!”

“तुला कुठे म्हटलं? ते मी त्या कोमलगं...”

मी थांबले. तो थांबला. एक कान कोरणारा म्हातारासुद्धा थांबला.

“कोमलगंधार तू आहेस?” मी ओरडले. “‘आपके घर में छोटा बच्चा नहीं है’ हे तू मला लिहिलंस? मला?”

“तर काय करणार! अख्ख्या बनारसमध्ये माझ्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच... कस्तुरीऽऽऽऽ!”

आणि ती निघाली! पोटातून, बेंबीच्या देठातून, अकरा वर्षांतली सगळ्यात भयंकर डरकाळी! घाटावरची कबुतरं उडाली, एक बकरी पळाली, आणि आमचा कावळा थेट पैलतीराला गेला.

सात कवट्या आ वासून बघत होत्या. मग त्रिभुवन निमिषच्या सोवळ्याला मिठी मारून रडायला लागला, “वही हैं! अरे वही हैं! पुराना वाला! ज़िंदा हैं!”

“कोण जिवंत आहे?” सासरे उठून उभे राहिले. “ते अकरा वर्षांचं पोर कुठंय?”

“पोर नाही बाबा,” मी खाली मान घालून सांगितलं. “निमिषचा वाद्यवृंद. मेलं कुणी नाही. त्यांनी गायची पद्धत बदलली, म्हणून ही मंडळी सुतकात आहेत.”

आता ते पळी फेकून मारणार असं मला वाटलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “पद्धत बदलली? म्हणजे अकरा वर्षांचा पाठ बदलला?”

“हो.”

“कुणाला न विचारता?”

“हो.”

“मग बरोबर आहे मुलांचं!” सासरे गरजले. “पाठ म्हणजे काय धोतर आहे, रोज बदलायला?”

“गुरुजी की जय!” सातही जणांनी त्यांचे पाय धरले. निमिष “बाबा!” एवढंच म्हणू शकला. पोटच्या पोराच्या विरुद्ध बाप कवट्यांना सामील!

या सगळ्या गदारोळात अवनी डरकाळीनं दचकली होती, आणि तिचा तो प्रसिद्ध आवाज लागला. तो लागला की तिच्यापुढे भस्मकुंडही बासरी वाटतं. मी तिला खांद्यावर घेतलं, पाठ थोपटली, येरझारा घालायला लागले. डोळे मिटले. काही सुचत नव्हतं, हात आपोआप चालत होता, तोंडही.

हळूहळू ती मुसमुसत शांत झाली. माझ्या मानेत नाक खुपसून जड जड झाली. मग माझ्या लक्षात आलं की घाटावर भलतीच शांतता आहे. डोळे उघडले. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि दर्भावर कावळा! तोच की दुसरा कोण जाणे, पण चांगला दोन्ही पायांवर उभा राहून पिंड मटकावत होता.

“शिवला,” सासरे हळूच म्हणाले.

त्रिभुवन दोन पायऱ्या खाली आला. “भाभी... मतलब, भाई... आपको तो पूरा गाना याद है। तीनों अंतरे!”

तेव्हा मला कळलं मी काय गुणगुणत होते. ‘पाण्यात निजलाय घाट’. बासरीच्या जागेसकट!

निमिष माझ्याजवळ आला. सोवळ्याला तीळ चिकटलेले. त्यानं अवनीच्या टाळूवर ओठ टेकले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याची डरकाळी बरी वाटली असती.

“कस्तुरी, किती वेळा ऐकलंस गं?”

“शिव्या द्यायच्या म्हणजे नीट ऐकून द्याव्या लागतात!” मी म्हटलं, जमेल तेवढ्या ताठ मानेनं.

कुणाल सोमवारी आला, चहा पिऊन रिकाम्या हातानं गेला. पण निमिषला मी खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. फोनवर एवढाल्या शिव्या टाइप करायच्या तर दोन्ही हात मोकळे लागतात. हात मोकळे व्हायचे तर अवनी झोपायला लागते. आणि पहिल्या शुक्रवारपासून ती झोपते एकाच गाण्यावर!